पाळीच्या वेदना अंगावर काढू नयेत, गर्भपिशवी काढण्याची घाईही करू नये

दिल्ली-जयपूर महामार्गावर गुरुग्रामच्या पुढे मानेसर ही औद्योगिक नगरी वसली आहे. होंडाच्या स्कूटर कारखान्याने येथे २००१ मध्ये उत्पादन सुरू केले, २००७ मध्ये मारुती सुझुकीचा मोटार कारखाना सुरू झाला आणि त्यांच्या आसपास वाहनांचे सुटे भाग व तयार कपडे बनविणारे अनेक कारखाने उभे राहिले. पुण्याजवळच्या चाकण किंवा रांजणगावप्रमाणेच येथेही दूरदूरच्या राज्यांतून कामगार येतात आणि त्यांत तरुण स्त्रियाही असतात. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात असह्य कळा येत असताना एखादी वेदनाशामक गोळी घेऊन यंत्रापुढे उभे राहणे, हा अशा अनेक स्त्रियांच्या जीवनाचा भागच बनलेला असतो. रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि पाळीत पोट दुखायचेच, अशी समजूत तर घरापासूनच सोबत आलेली असते.

या वेदनेमागे पुष्कळदा कोणताही आजार नसतो, हे खरे आहे. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत तिच्यामागे ‘एंडोमेट्रिऑसिस’ हा दीर्घकाळ चालणारा विकार असतो, तर काहींच्या अंडाशयात, म्हणजेच बीजांडकोशात, गाठ झालेली असते. या दोन्हींच्या बाबतीत आपल्याकडे परस्परविरुद्ध अशा दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे वेदनेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणे. दुसरी चूक म्हणजे सोनोग्राफीत गाठ दिसताच घाबरून मोठी शस्त्रक्रिया करून घेणे. या दुसऱ्या चुकीची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच आहे व तो म्हणजे योग्य वेळी झालेले योग्य निदान.

एंडोमेट्रिऑसिस म्हणजे काय?

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला संप्रेरकांच्या प्रभावाने ते जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढू लागल्या, तर त्या स्थितीस एंडोमेट्रिऑसिस असे म्हणतात. या पेशींनाही संप्रेरकांचा संदेश पोहोचतो आणि पाळीच्या वेळी तेथेही सूज येते व रक्तस्राव होतो. मात्र त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. परिणामी आसपासच्या भागाचा दाह होतो, व्रण तयार होतात आणि कालांतराने अवयव एकमेकांना चिकटू लागतात.

अंडाशयात असे रक्त साठत गेल्यास तेथे गाठ तयार होते. जुने रक्त घट्ट होऊन तपकिरी दिसत असल्याने तिला ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव पडले. अमेरिकन शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचे सविस्तर वर्णन केले. पाळीचे काही रक्त गर्भनलिकांमधून उलट दिशेने पोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, हा सिद्धान्तही त्यांनीच १९२७ मध्ये मांडला. तथापि असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये आढळतो, विकार मात्र थोड्यांनाच होतो. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती, आनुवंशिकता व संप्रेरके यांचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. आई किंवा सख्ख्या बहिणीस हा विकार असल्यास तो होण्याची शक्यता वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. हा कर्करोग नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. स्वच्छता पाळली नाही किंवा काही विशिष्ट पदार्थ खाल्ले म्हणूनही तो होत नाही.

प्रत्येक गाठ आजार नसते

अंडाशयातील गाठ हा शब्द ऐकताच घरात चिंतेचे वातावरण पसरते. वास्तविक पाळी सुरू असलेल्या प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याने भरलेली एक लहानशी पिशवी तयार होतच असते. तीत स्त्रीबीज वाढते आणि सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर आकाराची झाल्यावर ती फुटते. काही वेळा ती न फुटता मोठी होत जाते, तर काही वेळा फुटल्यानंतर तेथे द्रव किंवा रक्त साठते. या गाठी शरीराच्या नैसर्गिक कार्यातूनच निर्माण झालेल्या असल्याने त्यांतील बहुतेक दोन-तीन पाळ्यांच्या काळात आपोआप नाहीशा होतात. त्या विरघळाव्यात म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची प्रथा होती. परंतु अशा गोळ्यांनी गाठ अधिक लवकर जाते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही.

काही गाठी मात्र आपोआप जात नाहीत. ‘डर्मॉइड’ प्रकारच्या गाठीत चरबी, केस, क्वचित दातही आढळतात. काही गाठींत पातळ किंवा चिकट द्रव साठून त्या बऱ्याच मोठ्या होतात. चॉकलेट सिस्ट हीदेखील याच वर्गात मोडते. अगदी थोड्या गाठी कर्करोगाच्या असतात आणि रजोनिवृत्तीनंतर त्यांचे प्रमाण वाढते.

‘पीसीओएस’ हा आणखी वेगळा विषय आहे. त्याच्या नावात सिस्ट हा शब्द असला तरी सोनोग्राफीत दिसणारे बारीक ठिपके या गाठी नसून वाढ थांबलेल्या बीजपिशव्या असतात. अनियमित पाळी, अंगावर अधिक लव येणे व वजनवाढ अशी त्याची लक्षणे असतात. ओटीपोटातील तीव्र वेदना हे त्याचे लक्षण नव्हे आणि ते ठिपके काढून टाकण्यासाठी शस्त्रक्रियेची गरज नसते.

निदानास विलंब का होतो?

एंडोमेट्रिऑसिसची पहिली लक्षणे दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे जातात, असा अनुभव जगभर आहे. या विलंबाची कारणे काही अंशी वैद्यकीय तर काही अंशी सामाजिक आहेत.

वैद्यकीय कारण असे की, या विकाराची लक्षणे इतर आजारांशी मिळतीजुळती असतात. शौचाच्या वेळी दुखते म्हणून पोटाच्या विकाराचे औषध दिले जाते, लघवीच्या वेळी दुखते म्हणून जंतुसंसर्गाचे. भारतात आणखी एक आजार लक्षात घ्यावा लागतो, तो म्हणजे ओटीपोटाचा क्षयरोग. त्यातही दीर्घकाळ वेदना, वंध्यत्व आणि अंडाशयाजवळ गाठ आढळू शकते. वेदनेची तीव्रता आणि विकाराचा फैलाव यांचे प्रमाणही जुळतेच असे नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दिसणाऱ्या फैलावानुसार या विकाराच्या चार अवस्था मानल्या जातात. परंतु पहिल्या अवस्थेतील एखादी स्त्री वेदनेने अंथरुणास खिळते, तर चौथ्या अवस्थेतील दुसरीस केवळ मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर विकाराचा पत्ता लागतो.

सामाजिक कारण अधिक खोल आहे. शाळकरी मुलीने तक्रार केली तर ‘सगळ्याच बायकांना होते’ असे उत्तर मिळते. थोडी मोठी झाल्यावर ‘लग्न झाले, एखादे मूल झाले की थांबेल’ असा दिलासा दिला जातो. गर्भारपणात पाळी बंद असल्याने काहींना तात्पुरता आराम पडतो, हे खरे; परंतु गर्भधारणा हा या विकारावरील उपचार नव्हे आणि केवळ त्या कारणासाठी तसा सल्ला देऊ नये, असे युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत यात बुडणाऱ्या मजुरीची भर पडते. तपासणीसाठी एक दिवस, अहवालासाठी दुसरा आणि औषधासाठी तिसरा दिवस मोडणे तिला परवडत नाही. मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीवर महिना निभावला जातो.

त्यामुळे साधी वेदना आणि विकाराची वेदना यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत होणारे, साध्या औषधाने थांबणारे दुखणे बहुधा चिंतेचे नसते. परंतु पुढील गोष्टी आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे:

- वेदनेमुळे दर महिन्याला शाळा, काम किंवा घरातील व्यवहार थांबत असतील;
- औषध घेऊनही वेदना कमी होत नसतील अथवा वर्षागणिक वाढत असतील;
- पाळी नसतानाही ओटीपोट किंवा कंबर दुखत असेल;
- शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखत असेल;
- पाळीच्या दिवसांतच शौचास किंवा लघवीस त्रास होत असेल;
- सिझेरियनच्या व्रणाजवळ गाठ येऊन ती पाळीच्या वेळी दुखत असेल;
- वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा होत नसेल.

निदान कसे केले जाते?

निदानाचे पहिले साधन कोणतेही यंत्र नसून रुग्णाने सांगितलेली हकीकत हेच होय. वेदना कोणत्या तारखांना होते, किती काळ टिकते, कोणत्या गोळीने थांबते आणि त्यामुळे कोणते काम राहते, याची दोन-तीन महिन्यांची नोंद दिनदर्शिकेवर ठेवल्यास डॉक्टरांना मोठी मदत होते.

त्यानंतर शारीरिक तपासणी आणि सोनोग्राफी केली जाते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय अधिक स्पष्ट दिसतात. अविवाहित मुलींच्या बाबतीत आपल्याकडे ही तपासणी सहसा केली जात नाही. अशा वेळी मूत्राशय भरलेले असताना पोटावरून तपासणी करता येते आणि आवश्यकतेनुसार एमआरआयचा आधार घेता येतो. अविवाहित आहे म्हणून तपासणीच टाळणे मात्र योग्य नव्हे. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दुधी काचेसारखी धूसर दिसते व अनुभवी तज्ज्ञांस ती बहुधा ओळखता येते. ओटीपोटाच्या आवरणावरील बारीक ठिपके मात्र सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतीलच असे नाही. म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी विकार नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘सीए-१२५’ या रक्ततपासणीविषयी बराच गैरसमज आहे. ही तपासणी अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडली जाते. परंतु एंडोमेट्रिऑसिस, क्षयरोग, गर्भाशयातील फायब्रॉइड, गर्भारपण, एवढेच काय पण साधी पाळी यांमुळेही तिचा आकडा वाढू शकतो. रजोनिवृत्तीनंतर गाठ आढळल्यास या तपासणीचे महत्त्व अधिक असते. तरुण वयात केवळ या आकड्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही आणि एंडोमेट्रिऑसिसचेही करता येत नाही.

पूर्वी दुर्बिणीद्वारे पोटात पाहिल्याखेरीज एंडोमेट्रिऑसिसचे निदान पक्के मानले जात नसे. २०२२ च्या उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांनी हा आग्रह सोडला आहे. लक्षणे व तपासण्या यांवरून विकाराची शक्यता दिसल्यास औषधोपचार सुरू करता येतात आणि तपासण्यांत काही आढळले नाही किंवा औषधांनी गुण आला नाही, तरच केवळ निदानासाठी दुर्बिणीचा विचार करावा, अशी त्यांची भूमिका आहे. मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंत सहज पोहोचू न शकणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे, कारण शस्त्रक्रियेची वाट न पाहता उपचारास प्रारंभ होऊ शकतो.

भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे स्वरूप कसे असते, याची माहिती आजवर तुटपुंजी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईत परळ येथील प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतील केंद्रांच्या साह्याने या विकाराचा नैदानिक व जनुकीय अभ्यास हाती घेतला असून डॉ. राहुल गजभिये हे या प्रकल्पाचे नेतृत्व करीत आहेत.

बीडचा धडा

निदानाविना उपचार झाले तर काय होते, याचे उदाहरण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांनी भोगले आहे. हंगामात पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्याच्या परिसरात जाते. एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड भरावा लागतो. ओटीपोटाचे दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन या स्त्रिया खासगी रुग्णालयांत गेल्या आणि त्यांपैकी अनेकींची गर्भपिशवी तरुण वयातच काढली गेली.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वेळी शासनाने सभागृहास दिली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

या शस्त्रक्रियांमागे कर्करोगाची भीती, खाडा टाळण्याची गरज आणि पाळीची कटकट कायमची मिटेल ही आशा, अशी अनेक कारणे होती. अंडाशयातील साधी गाठ किंवा गर्भाशयमुखावरील सूज हे गर्भपिशवी काढण्याचे कारण होऊ शकत नाही. विशेष म्हणजे गर्भाशय काढल्यानंतरही एंडोमेट्रिऑसिसचे ठिपके पोटात राहिले असतील तर वेदना राहू शकते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले गेले, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापूर्वीच संप्रेरके बंद होतात आणि हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार, अंगातून वाफा येणे, झोप न लागणे असे त्रास लवकर मागे लागतात. ज्या हातांवर घर चालते तेच हात त्यामुळे दुबळे होतात.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड येथील अशाच शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. हा आदेश महाराष्ट्राप्रमाणेच मानेसर ज्या राज्यात आहे त्या हरियाणासही लागू आहे.

उपचार : प्रथम औषधे

एंडोमेट्रिऑसिस समूळ नाहीसा करणारे औषध आजतरी उपलब्ध नाही. मात्र वेदना आटोक्यात ठेवणे, विकाराची वाढ रोखणे आणि अपत्यप्राप्तीची शक्यता टिकविणे ही तिन्ही उद्दिष्टे साध्य होऊ शकतात. कोणते उद्दिष्ट प्रथम, हे रुग्णाचे वय, लक्षणे आणि तिची इच्छा यांवरून ठरते.

सौम्य विकारात मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन यांसारखी दाहशामक औषधे दिली जातात. ती वेदना शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीसच व जेवणानंतर घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

त्यापुढील पायरी संप्रेरकांच्या उपचारांची आहे. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट किंवा नॉरएथिस्टेरॉनसारखी प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधे, अथवा संप्रेरक सोडणारी तांबी यांमुळे अस्तराची वाढ मंदावते व पाळीतील रक्तस्राव कमी होतो किंवा थांबतो. पाळी थांबली म्हणजे ‘घाण आत साठते’ ही समजूत निराधार आहे. अस्तरच वाढत नसल्याने साठण्यासारखे काही उरत नाही. या उपचारांच्या काळात गर्भधारणा बहुधा होत नाही. त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी ते सोयीचे नाहीत. परंतु औषध थांबविल्यावर प्रजननक्षमता परत येते. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, उच्च रक्तदाब, काही प्रकारची अर्धशिशी, तसेच पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया यांना इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या धोकादायक ठरू शकतात. म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

एवढ्याने गुण न आल्यास अंडाशयाचे कार्य तात्पुरते थांबविणारी इंजेक्शने दिली जातात. त्यांच्यामुळे हाडांतील कॅल्शियम कमी होत असल्याने ती मर्यादित काळासाठी आणि सोबत अल्प मात्रेतील संप्रेरके देऊन वापरली जातात. याच पद्धतीने काम करणाऱ्या तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्यांना अमेरिकेत २०१८ पासून मान्यता मिळू लागली आहे.

शस्त्रक्रिया केव्हा?

अंडाशयातील गाठीच्या बाबतीत आकार, तिचे अंतर्गत स्वरूप, लक्षणे आणि वय या चार गोष्टी पाहिल्या जातात. पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, पातळ भिंतीची, केवळ पाण्याने भरलेली गाठ आढळल्यास ब्रिटिश स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाच्या सूचनेनुसार पुन्हा तपासणीचीही सहसा गरज नसते. पाच ते सात सेंटिमीटरपर्यंत वर्षाने पुन्हा सोनोग्राफी केली जाते. त्याहून मोठी गाठ असल्यास एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. गाठीत घन भाग, जाड पडदे किंवा वाढता रक्तपुरवठा दिसला, अथवा पोटात पाणी झाले असेल, तर विलंब न करता कर्करोगतज्ज्ञांकडे जावे लागते.

एंडोमेट्रिऑसिसमध्ये औषधांनी वेदना थांबत नसल्यास, गाठ मोठी असल्यास किंवा आतडे व मूत्रवाहिनी दाबली जात असल्यास शस्त्रक्रिया केली जाते. ती शक्यतो दुर्बिणीद्वारे होते. चॉकलेट सिस्टमधील द्रव केवळ उपसून काढल्यास ती पुन्हा भरण्याची शक्यता अधिक असते. म्हणून तिचे आवरण सोलून काढणे श्रेयस्कर मानले जाते. मात्र त्याबरोबर अंडाशयातील निरोगी भागही काही प्रमाणात जातो आणि स्त्रीबीजांचा साठा घटतो. त्यामुळे तरुण स्त्रीवर एकाच अंडाशयाची शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करणे टाळले जाते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारापूर्वीही गाठ सरसकट काढली जात नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेच मूल नको असल्यास संप्रेरके सुरू ठेवल्याने गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते.

कर्करोगाची भीती अनेकींना असते. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांत अंडाशयाच्या कर्करोगाची आयुष्यभरातील शक्यता सुमारे १.९ टक्के, तर सर्वसाधारण स्त्रियांत सुमारे १.३ टक्के असते. हा फरक अल्प असून केवळ त्या भीतीपोटी निरोगी अवयव काढून टाकणे समर्थनीय नाही.

कामगार स्त्रीने कोठे जावे?

मानेसरमधील संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना हा पहिला आधार आहे. १९४८ च्या कायद्यानुसार ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. महामंडळाचे रुग्णालय मानेसरमध्येच आहे. २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली, तर २०१९ मध्ये कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाची ३.२५ टक्के अशी निश्चित झाली. ठेकेदारामार्फत नेमलेल्या कामगार स्त्रियाही योजनेच्या कक्षेत येतात, ही बाब पुष्कळ जणींना ठाऊक नसते. वेतनपत्रकात ही कपात दिसत असेल, तर सोनोग्राफी, औषधे व शस्त्रक्रिया यांचा हक्क तिला आहे. याखेरीज वर्गणीची अट पूर्ण केलेल्या विमाधारकास डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के इतका लाभ मिळतो. मजुरी बुडण्याच्या भीतीने तपासणी टाळणाऱ्या स्त्रीसाठी ही तरतूद मोलाची आहे.

कर्करोगाची शंका असल्यास मानेसरपासून जवळच, झज्जर जिल्ह्यातील बाढसा येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालये, अंबाजोगाईसारखी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, पुण्यातील ससून आणि मुंबईतील केईएम व टाटा स्मारक रुग्णालय येथे या आजारांवर उपचार होतात.

काही लक्षणे आढळल्यास मात्र बाह्यरुग्ण विभागाची वेळ पाहत बसू नये. एकाएकी ओटीपोटाच्या एका बाजूस तीव्र कळ येऊन उलट्या होऊ लागल्यास गाठीमुळे अंडाशयास पीळ पडलेला असू शकतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडाशय वाचू शकतो. चक्कर येणे, घाम फुटणे, पोट कडक होणे ही आत रक्तस्राव होत असल्याची चिन्हे असतात. पाळी चुकलेली असताना पोट दुखल्यास गर्भनलिकेतील गर्भधारणेची शक्यता प्रथम तपासावी लागते.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर विचारावयाचे प्रश्न

गर्भाशय किंवा अंडाशय काढण्याचा सल्ला मिळाला आणि परिस्थिती तातडीची नसली, तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. नेमके निदान काय आहे आणि ते कोणत्या तपासणीवरून झाले? औषधोपचार करून पाहिले आहेत काय? केवळ गाठ काढून अवयव वाचविता येईल काय? दोन महिने थांबून सोनोग्राफी पुन्हा केल्यास काय धोका आहे? या प्रश्नांची उत्तरे समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. उत्तरे समाधानकारक नसल्यास सर्व अहवाल घेऊन शासकीय रुग्णालयातील दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेता येते.

मानेसरच्या कारखान्यात उभी असलेली कामगार स्त्री आणि बीडच्या फडात वाकलेली ऊसतोड स्त्री यांची परिस्थिती वेगळी असली, तरी दोघींच्याही वेदनेचा हिशोब बुडालेल्या दिवसांत केला जातो. तो हिशोब टाळण्यासाठी एकीने दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले, तर दुसरीने गर्भपिशवीच काढून टाकली. वेळेवर सोनोग्राफी, सहा महिन्यांची औषधे किंवा काही आठवड्यांची प्रतीक्षा एवढ्यावर ज्याचे निवारण होऊ शकते, त्यासाठी आयुष्यभराची किंमत मोजण्याची वेळ कोणत्याही स्त्रीवर येऊ नये. त्याकरिता ‘पाळीत दुखायचेच’ हे उत्तर घरातून, कारखान्यातून आणि दवाखान्यातूनही हद्दपार होणे आवश्यक आहे.